परतीचा दाखला

कॅनडात स्थायिक झालेले गोवेकर सुट्टीवर घरी येतात, तेव्हा मनातल्या मनात दिवस मोजत असतात. तिथले कायम वास्तव्य टिकवायचे तर पाच वर्षांत 730 दिवस त्या देशात काढावे लागतात. आजारी आईपाशी आणखी थांबावे की परतावे, हा पेच त्यातूनच येतो. असे काही कानावर आले की मला चाए चान पिंग आठवतो.

हा चिनी मजूर 1875 पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. 1882 च्या कायद्याने नव्या चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद केले. आधीपासून राहणाऱ्यांना मात्र दाखला घेऊन मायदेशी जाऊन येता येई. तसा दाखला घेऊन तो जून 1887 मध्ये चीनला गेला. सप्टेंबर 1888 मध्ये हाँगकाँगहून परत निघाला. बोट समुद्रात असतानाच, 1 ऑक्टोबरला, स्कॉट कायदा झाला आणि असे सारे दाखले रद्द ठरले. आठवडाभराने तो बंदरात पोचला, पण त्याला उतरू दिले नाही.

1889 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की परक्याला प्रवेश नाकारणे हा सरकारचा सार्वभौम अधिकार आहे आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. बारा वर्षांचे वास्तव्य कामी आले नाही. ती बंदी उठली 1943 मध्ये.

त्यामानाने 730 दिवसांचा नियम बरा. तो आधी ठाऊक असतो. मोडला तरी कारणे मांडता येतात. पण नियम बदलण्याचा अधिकार आजही त्या देशाकडेच आहे. म्हणून दिवस पुरे भरले तरी नागरिकत्व मिळेपर्यंत विमानतळावरची धाकधूक जात नाही.