तीन पायांचा गवई

पुणतांब्यात वरात निघाली की कुठल्या ना कुठल्या चौकात नागीण निघतेच. एक जण रुमालाचं टोक दातांत धरून गारुडी होतो, दुसरा धुळीत लोळतो, आणि बँडवाला गाल फुगवून क्लॅरिनेटवर ती धून काढतो. ही धून गारुड्याच्या पुंगीवरून आली असं सगळे धरून चालतात. तसं काही नाही. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटासाठी हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजी वीरजी शहांनी ती क्लॅव्हायोलिनवर वाजवली, जोडीला रवी हार्मोनियमवर होते. क्लॅव्हायोलिन हे व्हॉल्व्हवर चालणारं विजेचं वाद्य, कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसानं १९४७ मध्ये तयार केलेलं. महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत विजेचा खांब उभा राहायच्या आधीच विजेच्या वाद्याची धून बँडच्या पितळेतून तिथं पोचली होती, आणि लोक तिच्यावर नाचतही होते.

पुणतांब्याचा इतिहास विचारा, लोक तीन गोष्टी सांगतील. गोदाकाठची चांगदेवांची समाधी, दौंड-मनमाड लोहमार्गावरचं जंक्शन (शिर्डीचा फाटा इथूनच २००९ मध्ये सुरू झाला), आणि १ जून २०१७ चा शेतकरी संप. तिन्ही मोठ्या गोष्टी आहेत. पण गावानं गेल्या चाळीस वर्षांत काय ऐकलं, ते कुणी लिहीत नाही. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि एकादशीला मी भजनी मंडळात पेटीवर बसतो. तेव्हा हे काम माझ्याच वाट्याचं.

निमित्त झालं भाच्याचं. तो पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा खिशातून एक यंत्र काढलं. कॅल्क्युलेटरएवढं, वर कव्हर नाही, सर्किट बोर्ड उघडाच. एक छोटा पडदा, दोन फिरत्या खुंट्या, खाली बटणांच्या रांगा, मागं दोन बारीक सेल. स्टॉकहोमच्या टीनेज इंजिनिअरिंग कंपनीचं ‘पॉकेट ऑपरेटर’. या मालिकेतली पहिली तीन यंत्रं २०१५ मध्ये आली, आणि त्याच्या हातात होतं ते ‘आर्केड’ २०१६ मधलं, जुन्या व्हिडिओ गेमचे आवाज काढणारं. “मामा, याला चिपट्यून म्हणतात. आपल्याकडं अजून फार कुणाला माहीत नाही,” असं म्हणून त्यानं बटण दाबलं. मी थोडं ऐकलं आणि त्याला सांगितलं, बाबा, हा आवाज मी या गावातल्या निम्म्या दारांना बसवलाय.

खोटं नाही सांगत. यूएम ६६ नावाची एक आयसी होती, तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची. दिसायला साधा ट्रान्झिस्टर, तीन पाय. एका पायाला दीड ते साडेचार व्होल्ट द्यायचे, दुसरा अर्थला, तिसऱ्या पायातून गाणं. पोटात चौसष्ट सुरांची मेमरी, बस्स. त्या चौसष्टात जेवढं बसेल तेवढं वाजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. नंबर बदलला की धून बदलायची. १९ नंबरच्या पोटात बीथोव्हेनची ‘फ्युर एलिझे’ होती. मी पॅसेंजरनं पुण्याला जायचो, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून मूठभर आयसी, झेनर डायोड आणि एसएल १०० ट्रान्झिस्टर घेऊन रात्रीपर्यंत परत. घरी बसून डाग मारायचे आणि डोअरबेल तयार. नवं घर बांधलं की वास्तुशांतीच्या आधी गिऱ्हाईक बेल बसवायला बोलवायचं.

मग तीच आयसी गाड्यांच्या मागं गेली. शिर्डीला भाविक नेणाऱ्या गाड्या स्टेशनबाहेर रिव्हर्स घेताना बीथोव्हेन वाजायला लागला. १८१० मध्ये व्हिएन्नात लिहिलेली धून, आणि इथं तिचा अर्थ एकच: मागून बाजूला व्हा. गावातली शेळीसुद्धा त्या धुनेवर उठायची. तिची बहीण यूएम ३५६१, हिच्यात पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका असे तीन भोंगे आणि चौथी मशीनगन. यात्रेतल्या प्रत्येक प्लॅस्टिकच्या बंदुकीत ती बसलेली. यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी आया त्या बंदुका घेऊन दुकानात यायच्या. दुरुस्तीला नव्हे, आवाज बंद करून घ्यायला.

हा आवाज असा का, हे मला भाच्याला उलगडून सांगावं लागलं. तारेचा, कातड्याचा, गळ्याचा सूर चढतो, टिकतो, विरतो. चिपच्या सुराला मधल्या पायऱ्याच नसतात. वीज आहे किंवा नाही, एवढंच त्याला कळतं. सेकंदात ४४० वेळा चालू-बंद केलं की एक सूर, त्याच्या दुप्पट केलं की वरच्या सप्तकातला तोच. कागदावर काढली तर ती लाट चौकोनी दिसते. म्हणून तो आवाज पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या सनईसारखा येतो. ५५५ ही टायमर आयसी १९७२ मध्ये बाजारात आली. तिला दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडला की कुणीही हा सूर घरी काढू शकतो. आयटीआयच्या पोरांना मी हाच प्रयोग पहिला शिकवायचो, कारण आवाज आला की पोरगं विषयाला चिकटतं.

नव्वदीच्या दशकात टीव्ही गेम आले. खरा जपानी निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ चा, पण आमच्यापर्यंत पोचल्या त्या त्याच्या नकला. आत पाच आवाजांची सोय: दोन चौकोनी लाटा, एक त्रिकोणी, एक नुसती खरखर, आणि एक ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी. कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ’चं संगीत एवढ्यातच बसवलं. दोन सूर चाल सांभाळतात, त्रिकोणी लाट खर्ज धरते, खरखरीतून ठेका निघतो. भजनात पेटी, वीणा, मृदंग, टाळ यांनी कामं वाटून घेतलेली असतात, तशीच ही वाटणी आहे, आणि पेटीवाल्याच्या कानाला ती पटकन कळते.

आता कॅसिओ. या कंपनीचं व्हीएल-१ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. कॅल्क्युलेटर आणि वाद्य एकाच डबीत, चार सेलवर चालणारं. एका वेळी एकच सूर, दहा ठेके, आणि शंभर सुरांपर्यंतची चाल लक्षात ठेवायची सोय. सूर किती चटकन चढावा, किती वेळानं विरावा, हे आकडे कॅल्क्युलेटरच्या मेमरीत भरून आवाज घडवायचा. जर्मनीच्या ट्रिओ मंडळींनी १९८२ मध्ये त्याच्या ठेक्यावर ‘दा दा दा’ नावाचं गाणं केलं आणि ते युरोपभर गाजलं. माझ्याकडं हे यंत्र दुरुस्तीला आलं होतं. बटणांचे कॉन्टॅक्ट साफ केले, मालक न्यायला येईपर्यंत पांढरी एकमध्ये भूप वाजवून पाहिला. पुढं मोठे कॅसिओ आले, लोडशेडिंगच्या काळात तर त्यांची चलतीच होती. वीज गेली तरी सेलवर चालायचे, म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि जागरण-गोंधळातही कॅसिओ शिरला.

मंडळातल्या जुन्या लोकांना तो आवडला नाही. मींड नाही, श्रुती नाहीत, सूर निर्जीव, अशी त्यांची तक्रार. तक्रार रास्त होती, पण ती करणारा माणूस पेटीवर बोटं ठेवून बोलत होता! पेटीसुद्धा परदेशातूनच आली. तिच्यावरही मींड निघत नाही, म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसएक वर्षं टिकली. आज पेटीशिवाय भजन कुणाला सुचत नाही.

आपल्या देशात विजेवरच्या संगीताची सुरुवात मोठ्या ठिकाणी झाली होती, हेही सांगायला हवं. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथं स्टुडिओ उभा करून दिला आणि आपल्या लोकांनी त्यावर प्रयोग केले. मुंबईत चरणजित सिंग या सिनेमातल्या वादकानं १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी खपली नाही. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली. अहमदाबादच्या टेपही संस्थेच्या संग्रहात पडून होत्या, त्यांतलं संगीत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही गोष्टी आज आपल्याला ऐकता येतात त्याचं कारण साधं आहे. कुणीतरी त्या फेकून दिल्या नाहीत.

आमच्या गावात हे संगीत लोकांनी स्वतः करायला घेतलं ते नोकियामुळं. ३२१० आणि ३३१० या फोनमध्ये ‘कंपोजर’ नावाची सोय होती. १ दाबलं की सा, २ रे, ३ ग, ४ म, ५ प, ६ ध, ७ नी. हे कुणी पुणतांब्याच्या भजनी मंडळासाठी केलेलं नव्हतं, पण केलं असतं तर याहून वेगळं काय केलं असतं? ८ नं सूर आखूड व्हायचा, ९ नं लांबायचा, शून्य म्हणजे थांबा, चांदणीनं सप्तक बदलायचं, आणि जाळीच्या (#) बटणानं सूर अर्धा चढायचा. पन्नास सुरांत सगळं आटपायचं. दुकानात मोबाइल रिचार्जही व्हायचं, त्यामुळं पोरं बाकावर बसून राहायची आणि मला विचारायची, काका, या गाण्याची चाल आकड्यांत सांगा ना.

मी सांगायचो. भूप सगळ्यात सोपा, १ २ ३ ५ ६, जाळी दाबायचीच नाही. यमन घेतला तर चारवर जाळी. भैरवी म्हणजे मात्र अंगठ्याला शिक्षा: कोमल रे साठी १ आणि जाळी, कोमल ग साठी २ आणि जाळी, धैवत-निषादालाही तेच. संगीताची एक ओळ न शिकलेली पोरं अशानं कोमल आणि तीव्र ओळखायला लागली. उसाला पाणी द्यायला जाणारी, दहावी नापास झालेली, वडापवर किन्नर असलेली. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर आकड्यांच्या रांगा लिहिलेल्या असायच्या, वर गाण्याचं नाव, खाली ‘टेम्पो १२५’. एकाची धून दुसऱ्यानं उतरवून घ्यायची, उतरवताना एखादा सूर बदलायचा, आणि तो बदल चांगला निघाला तर पहिलाच परत मागायला यायचा. आरतीच्या चाली, हरिपाठाची चाल, तमाशातल्या लावण्या, सगळं त्या पन्नास सुरांत कातरून बसवलेलं.

२००३ मध्ये टॉर्चवाला ११०० आला आणि गावभर झाला. वीज रात्रीची, म्हणून शेतकरी रात्री दारं धरायला जायचे, एका हातात फावडं आणि दुसऱ्यात फोनची बॅटरी. उसाच्या फडात मध्यरात्री तो एकसुरी रिंगटोन वाजला की कुणाचा फोन आहे, हे बांधावरच्या माणसाला धुनेवरून कळायचं. जगाला नोकियाची धून म्हणून जी माहीत आहे ती फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ च्या रचनेतली. आमच्याकडं तिला मान नव्हता. स्वतःची धून न लावलेला फोन म्हणजे आळशाचा फोन.

मग मेमरी कार्ड आलं. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी मीही लावली, पोटापाण्याचा धंदा होता. एका कार्डात शेकडो गाणी भरून मिळायला लागल्यावर पन्नास सुरांसाठी अंगठा कोण झिजवणार? गाणं करायची गोष्ट संपली, भरायची सुरू झाली. माझ्या मते त्या दोन-चार वर्षांत गावानं गमावलं ते फोनपेक्षा मोठं होतं, पण तेव्हा कुणाला चुटपुट लागली नाही. मलाही नाही.

गंमत म्हणजे तिकडं परदेशात उलट चाललं होतं. ऑलिव्हर विट्चो या जर्मन माणसानं १९९८ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयवर संगीत करायचं ‘नॅनोलूप’ काढलं, स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीचं ‘लिटल साउंड डीजे’ २००० मधलं. साधनं वाढत असताना त्या मंडळींनी मुद्दाम गेम बॉयच्या चार आवाजांची चौकट धरली. भाच्याचं यंत्र त्याच वळणाचं आहे. त्याच्यावर सोळा बटणं म्हणजे सोळा घरं, प्रत्येक घरात एक आवाज टाकायचा आणि आवर्तन फिरत राहतं. मी त्याला म्हटलं, सोळा मात्रा म्हणजे तीनताल झाला, नाहीतर आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची दोन आवर्तनं. समेवर दणका दे, कालावर खरखर ठेव. त्यानं ठेवली. ठेका उभा राहिला, फक्त त्याला झोल नव्हता, तो मृदंग्याच्या मनगटातच असतो. वर मी पेटीवर भूप धरला. यंत्राची पट्टी माझ्या पेटीशी जरा हटून होती, ते कानाला खुपलं, पण पोरगं खूश झालं.

ज्यांच्या घरात नोकियाचा जुना फोन, आकड्यांनी भरलेली वही किंवा बंद पडलेला कॅसिओ आहे, त्यांना माझी विनंती आहे. भंगारवाल्याला देण्याआधी फोन चार्ज करा, त्यातल्या धुना नव्या मोबाइलवर रेकॉर्ड करा, वहीच्या पानांचे फोटो काढा आणि कुणी, कुठल्या साली केलं ते लिहून ठेवा. चार्जर मिळत नसेल तर माझ्याकडं या. जाड पिनेचा आणि बारीक पिनेचा, दोन्ही आहेत.