सोनेगावची रात्रटपाल आणि वैमानिकांचे देणे

मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी सरळ हवाई रेषा वर्धा जिल्ह्यातून, पुलगावच्या आसपासून जाते, आणि 1949 च्या जानेवारी अखेरीस भारत सरकारने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली तेव्हा नागपूरला मिळालेले महत्त्व अशाच रेषांमधून आलेले होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उतरत, एकमेकांकडील टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करत आणि उजाडेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबईपासूनचे सुमारे सातशे किलोमीटरचे अंतर कापायला डाकोटाला तीन तासांच्या आतबाहेर वेळ लागे, त्यामुळे एकाच रात्रीत जाणे, थैल्या बदलणे आणि परत येणे वैमानिकाला जमवता येई. भूगोलाचा इतका नेमका उपयोग करणारी योजना आपल्या सरकारी कारभारात विरळाच म्हणावी लागेल.

योजना चोख असली तरी ती चालवणारी कंपनी तितकी भक्कम नव्हती. सेवा सुरू करणारी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स काही महिन्यांतच बंद पडली आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात हिमालयन एव्हिएशन या कंपनीने हे काम हाती घेतले. हा अपवाद नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराला नकोशी झालेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली, युद्धात तयार झालेले वैमानिकही उपलब्ध होते, आणि त्या भरवशावर अनेक उद्योजक या धंद्यात उतरले. अंबिका एअरलाइन्स आणि ज्युपिटर एअरवेज या कंपन्या दशक संपण्यापूर्वीच गारद झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली 1950 मध्ये नेमलेल्या चौकशी समितीने प्रवाशांच्या मानाने परवाने फार वाटले गेल्याचे नोंदवले आणि तत्काळ राष्ट्रीयीकरणाऐवजी कंपन्यांनी आपखुशीने एकत्र येण्याचा मार्ग सुचवला. तो मार्ग कोणी धरला नाही.

अखेर 1953 च्या हवाई महामंडळ कायद्याने 1 ऑगस्टपासून देशांतर्गत सेवा चालवणाऱ्या आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन केल्या आणि परदेशी सेवेसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल हे वेगळे महामंडळ उभे केले. मालकांना किती भरपाई मिळाली याचीच चर्चा बहुतेक वेळा होते, पण कामगार चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम निराळे आहे: 1 जुलै 1952 पूर्वी नोकरीला लागलेला आणि हस्तांतराच्या वेळी नोकरीत असलेला कर्मचारी आपोआप महामंडळाचा कर्मचारी ठरला. म्हणजे मालक बदलला तरी वैमानिकाची नोकरी कायद्यानेच नव्या मालकाच्या गळ्यात बांधली.

त्यामुळे भांडण पगारावरून ज्येष्ठतेकडे सरकले. ज्येष्ठता यादी म्हणजे वैमानिकांचा नोकरीच्या मुदतीनुसार लावलेला क्रम, आणि सहवैमानिक कॅप्टन कधी होणार, कोणते विमान आणि कोणता मार्ग त्याच्या वाट्याला येणार, हे त्यावरच ठरत असल्याने आठ याद्यांची एक यादी करणे म्हणजे कोणाला तरी मागे ढकलणे होते. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या तेव्हा हेच दुखणे पुन्हा उफाळले. त्यावरच्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने 2012 च्या आरंभी अहवाल दिला, तरी बोइंग 787 विमानाचे प्रशिक्षण कोणत्या गटाला मिळावे यावरून इंडियन पायलट्स गिल्ड या वैमानिक संघटनेने त्याच वर्षी 58 दिवसांचा संप केला.

पुढे खासगी कंपन्या पुन्हा या धंद्यात उतरल्या, त्या दुसऱ्या पर्वात मात्र नोकरी टिकवणारे 1953 च्या कायद्यातले ते संरक्षक कलम उरले नव्हते. मुंबईच्या जेट एअरवेजच्या वैमानिकांनी सप्टेंबर 2009 मध्ये आपल्या संघटनेच्या दोन पदाधिकाऱ्यांच्या बडतर्फीविरुद्ध सामूहिक आजारपणाची रजा टाकून पाच दिवस उड्डाणे विस्कळीत केली आणि त्या दोघांना परत कामावर घ्यायला लावले. दहा वर्षांनी, पगार थकलेले असताना, त्याच संघटनेने एप्रिल 2019 मध्ये उड्डाणे थांबवण्याचा इशारा दिला आणि बँकांकडून पैसा येईल या आशेने तो पुढे ढकलला. चालत्या कंपनीत संपाच्या धमकीला जो भाव असतो तो बुडत्या कंपनीत राहत नाही, हे येथे उघड झाले. 17 एप्रिलला जेटने स्वतःच उड्डाणे थांबवली.

जूनमध्ये जेटचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे दाखल झाले. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीचे अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणे, सुरू झाले की आधी प्रक्रियेचा खर्च, मग 24 महिन्यांपर्यंतच्या थकबाकीपुरते कामगार आणि तारणधारक धनको एका पायरीवर, आणि त्यानंतर इतर कर्मचारी, तेही 12 महिन्यांच्या थकबाकीपुरते, असा क्रम लागतो. वैमानिक या क्रमात कोठे उभा राहतो हे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत तो बसतो की नाही यावर अवलंबून असे, कारण त्याचे काम तांत्रिक आणि कुशल मानले तर तो आत, आणि व्यवस्थापकीय मानले तर बाहेर. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी जेटच्या अवसायनाचा आदेश दिला, तोपर्यंत तिची विमाने जमिनीवर येऊन साडेपाच वर्षे उलटली होती.