केशवाहिनीची कुळकथा

इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याचे रक्ताभिसरणावरचे पुस्तक 1628 साली फ्रांकफुर्टमध्ये छापले गेले. जेमतेम 72 पानांचे, पण त्याने दीड हजार वर्षांची समजूत मोडली. प्राचीन वैद्य गॅलेन याच्या परंपरेत रक्त यकृतात तयार होई, शरीरभर पसरे आणि तिथेच जिरे. हार्वेने साधा हिशेब मांडला: एका ठोक्याला हृदय किती रक्त ढकलते आणि अर्ध्या तासात ठोके किती पडतात? गुणाकार केला की शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा मोठा आकडा येतो. इतके रक्त दर अर्ध्या तासाला नव्याने तयार होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येते.

पण परत येते कुठून? रोहिण्यांना फाटे फुटत त्या बारीक होत दिसेनाशा होतात. नीला कुठून तरी उगम पावून हृदयाकडे निघतात. मधला टप्पा हार्वेला दिसला नाही. रक्त मांसातल्या सूक्ष्म छिद्रांमधून झिरपत असावे असे त्याने मानले. 1657 मध्ये तो वारला तेव्हाही हा दुवा गायबच होता.

तो जोडला मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन वैद्याने. हार्वेचे पुस्तक निघाले त्याच वर्षी जन्मलेला हा माणूस बोलोन्यात सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसे तपासत होता. कुत्र्याच्या फुप्फुसात त्याला हवेच्या बारीक पिशव्या दिसल्या. फुप्फुस म्हणजे भरीव मांस नव्हे, हे त्यातून कळले. मात्र रक्ताची वाट तिथे उलगडेना, आणि त्याचे कारण सस्तन प्राण्याच्या रचनेतच आहे. माणसाच्या फुप्फुसांत अशा पिशव्या 30 ते 50 कोटी असतात, एकमेकींना खेटून, थरावर थर. त्यातून आरपार पाहणे अशक्य. शिवाय आपण छाती फुगवून हवा आत ओढतो. छाती उघडली की फुप्फुस मिटते.

माल्पिगी बेडकाकडे वळला, आणि या कथेतले सगळ्यात शहाणपणाचे पाऊल मला हेच वाटते. बेडकाला श्वासपटल नसते. तो तोंडाचा तळ वरखाली करून हवा आत ढकलतो, त्यामुळे छाती उघडली तरी फुप्फुस फुगलेले राहू शकते. बराचसा श्वास तो ओल्या कातडीतून घेतो, म्हणून त्याच्या फुप्फुसाला फार गुंतागुंत लागत नाही. ती एक पातळ, पारदर्शक पिशवी असते, आत मोजके पडदे. हृदयही छाती उघडल्यावर बराच वेळ धडधडत राहते. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत मेणाच्या ट्रेमध्ये हे पाहिलेल्या कित्येक पिढ्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 साली महाविद्यालयांतली विच्छेदने टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या सूचना दिल्या, ते योग्यच झाले.

आणखी एक गोष्ट माल्पिगीच्या पथ्यावर पडली, जिचा त्याला पत्ता असण्याचे कारण नव्हते. आपल्या तांबड्या पेशी 7-8 मायक्रोमीटरच्या, केंद्रक नसलेल्या. बेडकाच्या लंबगोल, केंद्रक असलेल्या आणि लांबीला सुमारे 20 मायक्रोमीटर. पेशी मोठ्या, म्हणून त्यांना वाट देणाऱ्या नळ्याही रुंद.

1661 साली आपल्या मित्राला, गणिती बोरेल्लीला लिहिलेल्या पत्रात माल्पिगीने जे पाहिले ते मांडले. रक्त कुठेही मोकळ्या जागेत सांडत नाही. रोहिणीपासून नीलेपर्यंत ते नळ्यांच्या बारीक जाळ्यातूनच वाहते. याच नळ्या म्हणजे केशवाहिन्या. वाळवलेल्या फुप्फुसात ते जाळे अधिक स्पष्ट दिसले. यासाठी किती बेडूक मारावे लागले, याची खंत त्याने स्वतःच व्यक्त केली आहे. 1688 मध्ये डेल्फ्टचा सूक्ष्मदर्शककार लेव्हेनहुक याने बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत तोच प्रवाह जिवंतपणी पाहिला. हार्वेचे वर्तुळ पूर्ण झाले.

बेडकाच्या हृदयाला अपुरे म्हणण्याची सवय पाठ्यपुस्तकांनी लावली आहे. दोन अलिंदे, एकच निलय, शुद्ध-अशुद्ध रक्ताची सरमिसळ. मला हे वर्णन अन्यायाचे वाटते. निलयाच्या आतल्या स्पंजासारख्या भिंती आणि पुढच्या नळीतली नागमोडी झडप यांमुळे दोन्ही प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे राहतात. बेडूक पाण्याखाली गेला की फुप्फुसाकडचे रक्त कमी करून ते इतरत्र वळवता येते. कातडीकडे जाणारी शाखा फुप्फुसाच्या रोहिणीतूनच फुटते. आपल्याला ही मुभा नाही. उजवा निलय जेवढे रक्त फुप्फुसात पाठवतो, तेवढेच डाव्याने पुढे ढकलायला हवे. त्याच्या बदल्यात आपल्याला दाबाची विभागणी मिळते. डावा निलय पाऱ्याच्या सुमारे 120 मिलिमीटर दाबाने शरीरभर रक्त पोहोचवतो, उजवा जेमतेम 25 ने. केशवाहिनी आणि हवा यांच्यातला पडदा एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. त्याने 120 चा दाब सोसला नसता. बेडकाच्या एकाच निलयाला मात्र दोन्हीकडे एकाच दाबाने रक्त ढकलावे लागते, म्हणून तो दाब मुळातच कमी ठेवावा लागतो.

पुढे 1903 साली कोपनहेगनच्या आउगुस्ट क्रोग या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बेडकाच्या श्वसनावरच प्रबंध लिहिला. ऑक्सिजन मुख्यतः फुप्फुसातून घेतला जातो आणि कार्बन डायऑक्साइड मुख्यतः कातडीतून बाहेर पडतो, असे त्याने दाखवले. नंतर त्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या अभ्यासल्या. विश्रांतीत त्यांतल्या पुष्कळशा मिटलेल्या असतात आणि स्नायू कामाला लागला की उघडतात. या शोधासाठी त्याला 1920 चे नोबेल मिळाले.