लग्नाच्या सकाळची खोली

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एक मुलगी आली होती. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. फोटोवाल्यानं तिला विचारलंय, सकाळी नवरी तयार होत असताना मी येऊ का, ते फोटो हल्ली सगळ्यांना हवे असतात. पोरीला हौस आहे, पण आजी अडून बसली आहे. आजीचं म्हणणं, साडी नेसतानाचे कसले फोटो काढायचे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मग मुलगी मला म्हणाली, "बाई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवलाय, तुम्हीच सांगा, पूर्वी काढत होते का हे फोटो?"

आजीचं खरं आहे. काढत नव्हते. पण का काढत नव्हते, हे पाहायला गेलं तर आजीला वाटतं तेवढं एकच कारण सापडत नाही.

आपल्याकडे फोटो आला तो मुंबईत, आणि तसा लवकर आला. १८५४ साली तिथं फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉक्टर भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी तर स्वतः फोटो काढत. पण तेव्हाचा फोटो म्हणजे काचेवर रसायनाचा ओला थर द्यायचा, तो वाळायच्या आत चित्र घ्यायचं आणि लगेच काळोखात जाऊन ते धुवायचं. दहा-पंधरा मिनिटांत सगळा खेळ. समोरच्या माणसानं काही सेकंद हलायचं नाही, म्हणून डोक्यामागं लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोतली आपली खापरपणजी इतकी रागावलेली का दिसते, याचं थोडं उत्तर या आधारातही आहे. लग्नघरातली सकाळ असल्या यंत्रात मावणं शक्य नव्हतं. एक बाई बांगड्या भरतेय, दुसरी न्हाणीकडून हाका मारतेय, तिसरी कुंकवाचा करंडा शोधतेय. त्यात हलू नका म्हणणार कोण आणि ऐकणार कोण?

शिवाय नवरी केवढी होती, तेही आठवा. आनंदीबाई जोशींचं लग्न १८७४ साली झालं, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी बोहल्यावर उभ्या राहिल्या. आनंदीबाईंचा जो फोटो आपण सगळ्यांनी पुस्तकात पाहिलाय, तो १८८५ सालचा, अमेरिकेतल्या त्यांच्या वैद्यकीय कॉलेजातला, शेजारी जपानच्या आणि सीरियाच्या मैत्रिणी. नवऱ्या मुलीला सजताना कसं वाटतं, हा प्रश्नच त्या काळात कुणी मुलीला विचारत नव्हतं, मग त्याचा फोटो कशाला काढतील?

पुढं शहरांतून स्टुडिओ झाले आणि ज्यांना परवडे ती जोडपी लग्नानंतर सवडीनं तिथं जाऊ लागली. मागं रंगवलेला पडदा, त्यावर खांब नाहीतर बाग. नवरा खुर्चीत, बायको खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. शालूचा काठ आणि दागिने उभ्यानं नीट दिसत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं म्हणणारी माणसंही घरोघर होती.

आणि मग ती खोली. माजघर म्हणा, आतली खोली म्हणा. तिथं परका पुरुष येणार नाही, ही रीत पक्की होती आणि कॅमेरा होता पुरुषांच्या हातात. यावर तोड काढली ती राजा दीनदयाळ यांनी. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. तिथं पुरुषांना मज्जाव होता आणि काम बघायला केनी-लेविक नावाच्या बाई होत्या. पुढं कोलकात्यात अन्नपूर्णा दत्त घरोघरी जाऊन बायकांचे फोटो काढायच्या आणि त्या कमाईवर घर चालवायच्या. म्हणजे बायकांच्या खोलीत कॅमेरा नको असं नव्हतं, तो कुणाच्या हातात आहे हा प्रश्न होता. त्या मुलीच्या आजीला मी हे सांगितलं. आजी म्हणाली, "बाई काढणार असेल तर मग बोला." अर्धी अडचण तिथंच सुटली.

एक गंमत बघा. कॅमेऱ्याला ही खोली बंद होती, पण शिल्पकार आणि चित्रकार तिथं शतकानुशतकं मनानं जाऊन आले होते. बेलूरच्या देवळात आरशात बघणारी दर्पणसुंदरी आहे, ती बाराव्या शतकातली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि नटलेल्या बायकांची चित्रं भिंतीभिंतीवर गेली. पण या कुठल्याही चित्रातल्या बाईला घाई नाही. तिची सेफ्टीपिन हरवत नाही. तिला मागून कुणी म्हणत नाही की गुरुजी आले, आटपा. या सुंदऱ्या बहुतेक एकट्या असतात, आणि नवरी कधीच एकटी तयार होत नाही.

नऊवारी नेसवायची तर निदान दोघी लागतात, एक निऱ्या धरणारी आणि एक काष्टा घालणारी. आधी उटणं लावून न्हाणं, मग ओल्या केसांना धूप, मग खोपा घालणारी वेगळी, गजरे माळणारी वेगळी. हिरवा चुडा आदल्या दिवशी कासारणीनं भरलेला असतो, त्यामुळं मनगटं अजून दुखत असतात. तोंडाला काय, तर कुणाकडं मुंबईची अफगाण स्नोची बाटली असली तर असली. ती १९१९ पासून निघाली. लॅक्मे आलं १९५२ मध्ये, आणि आमच्या गावापर्यंत पोचायला त्याला पुष्कळच वर्षं लागली. मग मुंडावळ्या. मग नवरी पिवळी साडी नेसून गौरीहरापुढं बसते आणि मामा न्यायला येईपर्यंत घरातला आवाज जरा खाली येतो.

माझ्या आईचं लग्न १९६८ सालचं. काकांच्या एका मित्राकडं आगफा क्लिकचा कॅमेरा होता. त्यात एका रोलवर बारा फोटो निघत, चौकोनी. बारा म्हणजे बाराच. घरात उजेड नाही म्हणून सगळे अंगणात काढले. फ्लॅशला जो बल्ब लागे तो एकदा उडाला की संपला, तो पैसा कोण घालवणार? म्हणून आईच्या अल्बममध्ये अंतरपाट आहे, सप्तपदी आहे, पंगतीत घास भरवताना आहे, आणि तीन फोटो नुसते सोयऱ्यांचे आहेत, कारण ते रुसले असते. तयार होतानाचा एकही नाही.

आईला नेसवलं होतं अक्कानं, म्हणजे तिच्या आत्यानं. अक्का विसाव्या वर्षी विधवा झाली आणि भावाच्या घरी राहिली. पंचक्रोशीत तिच्यासारखा काष्टा कुणाला घालता येत नव्हता. लग्नघरची बोलावणी तिला यायची, पण मागच्या दारानं. पहाटे आतल्या खोलीत जायचं, नवरीला नेसवायचं, आणि सनई वाजायला लागली की स्वयंपाकघरात जायचं. हळद लावायला ती नाही, ओटी भरायला नाही, अक्षता टाकायलाही ती मागं खांबाआड. आमच्याकडं हे कुणी तिला बोलून दाखवत नव्हतं. ती आपणहूनच जायची, आणि आपणहून जाते म्हणून सगळे तिला शहाणी म्हणायचे.

माझं लग्न पुढं झालं. तोवर छत्तीस फोटोंचा रोल आला होता, फ्लॅश कॅमेऱ्यावरच होता, आणि फोटोग्राफर तालुक्याहून पैसे देऊन बोलावला होता. मलाही अक्कानंच नेसवलं. तेव्हा ती साठीची, हात थरथरायचे, पण नीर एक सुटली नाही. नंतर अल्बम आला. बटर पेपर उलटत शेवटपर्यंत गेले. अक्का नव्हती. फोटोवाला मांडवात उभा होता आणि अक्का मांडवात आलीच नव्हती. मला तिला हाताला धरून बाहेर आणता आलं असतं. मी नवरी होते, त्या दिवशी माझा शब्द कुणी मोडला नसता. मला सुचलं नाही, आणि थोडं सुचलं होतं तेव्हा धीर झाला नाही. १९९१ साली अक्का गेली. तिचा एकही फोटो आमच्याकडं नाही, रेशनकार्डावर नुसतं नाव.

म्हणून मला या सकाळच्या फोटोंबद्दल बोलायचंय. ही पद्धत बाहेरून आली, हे खरं. पाश्चात्त्य देशांत लग्नाचे फोटो बातमीदारासारखे, कुणाला उभं न करता काढायची चाल पडली. इकडं डिजिटल कॅमेरा आला आणि रोल संपायची भीती गेली. शंभर काढा, हजार काढा. हजार फोटो बघायचे कुणी, हा प्रश्न आहेच, पण त्या हजारात मांडवात न येणारी माणसं येऊ लागली.

२०१४ साली माझ्या मुलीचं लग्न झालं. सकाळी फोटो काढायला एक मुलगी आली होती. माझी जाऊ दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली. ती मुलीच्या मुंडावळ्या बांधत होती आणि कॅमेरा वर झाल्याबरोबर एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "तू जरा बाजूला हो गं, फोटो आहे." जाऊ हात सोडून उठायला लागली. माझ्या लेकीनं तिचा पदर धरला. "काकू, गाठ अर्धवट ठेवू नकोस," एवढंच म्हणाली. खोलीत कुणी काही बोललं नाही. फोटो निघाला. वडीलधाऱ्या बाई दुपारपर्यंत जेवल्या नाहीत, तेही सांगायला हवं.

पुढं २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाची बातमी मी जावेला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "माझा ठराव तुझ्या लेकीनं आधीच केलाय."

आता त्या मुलीला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. खिडकी असलेली खोली निवडा आणि ट्यूब, पिवळा बल्ब दोन्ही बंद करा, नाहीतर चेहऱ्याला दोन रंग येतात. ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा जुनं धोतर लावा. वेणीफणी आणि मेकअप गौरीहराच्या तासभर आधी उरकेल असं बघा, कारण ओढाताणीत चेहरा आवळला की तो फोटोत आवळलेलाच येतो. नथ, तन्मणी, बाशिंग, मुंडावळ्या, पिना, सगळं आदल्या रात्री एका परातीत काढून ठेवा. पिशव्या आणि डबे पलीकडच्या खोलीत. साडीच्या निऱ्या खोचून पदर लागेपर्यंत दार बंद, मग फोटोवालीला आत घ्या. आणि कुठला फोटो मोबाइलवर कुणाला जाणार, हे आधी नवरीला विचारून ठरवा, नवऱ्याच्या भावाला नाही.

कॅमेऱ्याकडं बघू नका. बोलत राहा. चहा घ्या, नवरीला दोन घास भरवा, ती पहाटेपासून उपाशी असते.

आणि फोटोवालीला नावांची यादी द्या. मांडवातल्या मानाच्या लोकांची यादी तिच्याकडं असतेच, ही दुसरी. नेसवणारी कोण, खोपा घालणारी कोण, पाणी तापवणारी कोण, आणि फोटो म्हटल्यावर कोण उठून जाईल. त्या मुलीनं माझ्यासमोरच वहीत यादी लिहायला घेतली. तिसरं नाव लिहून ती थांबली, म्हणाली, "बाई, माझी मोठी मावशी येईल, पण खोलीत बसणार नाही." मी म्हटलं, तिच्या हातात मुंडावळ्या दे. त्या बांधून होईपर्यंत तिला उठता येत नाही.