लीलावतींतील कूटप्रश्न व पाटणचा मठ

भास्कराचार्यांच्या लीलावतींतील कूटप्रश्न आपल्याकडे बुद्धीची करमणूक म्हणून सांगितले जातात. त्यांजबरोबर एक आख्यायिकाही येते: घटिकापात्रांत मोतीं पडून कन्येचा विवाहमुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनार्थ पित्यानें हा ग्रंथ रचिला. ही कथा कितपत ग्राह्य, व या कूटांचें मूळ प्रयोजन काय, याचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

आख्यायिका फैजीनें इ. स. १५८७ मध्यें केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेंत आढळते. मूळ ग्रंथ शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमाराचा, म्हणजे मध्यें चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं. संस्कृत ग्रंथांत ही कथा नाहीं. तेथें लीलावतीस उद्देशून प्रश्न आहेत खरे, परंतु सखा, गणक अशींही संबोधनें आहेत. एवढ्यावरून कन्या नव्हतीच असें म्हणवत नाहीं. पण ग्रंथाचें प्रयोजनही या कथेवरून ठरत नाहीं.

तें ग्रंथाच्या रचनेवरून ठरवावें. भास्कराचार्य आधीं सूत्र देतात, मग उदाहरण. मोर व सर्प यांचें कूट पाहा. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशीं असलेल्या बिळाकडे सत्तावीस हातांवरून सर्प येत आहे. मोरानें तिरपी झेप घेतली व दोघांची गति सारखीच, तर बिळापासून किती हातांवर गांठ पडेल? खांबाच्या उंचीचा वर्ग ८१; त्यास २७ नीं भागितां ३; ते २७ मधून वजा करून अर्ध केलें कीं १२ हात. मोर निमित्तमात्र आहे. शिकवावयाचा आहे तो काटकोन त्रिकोणाचा नियम. सूत्र न कळतां अंदाजानें उत्तर काढणारा पुढच्या उदाहरणांत अडतो.

हें अध्ययन कोठें चाले, याला शिलालेखाचा आधार आहे. चाळीसगांवानजीक पाटण येथील हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ मध्यें प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणिप्रभृति ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें मठ स्थापिला. लीलावती ही सिद्धान्तशिरोमणीचाच भाग मानिली जाते. निकुंभवंशीय सोइदेवानें शके ११२८ मध्यें मठास दान दिलें. लेखाच्या मराठी भागांत घाण्यामागें पळीभर तेल देण्याचीही नोंद आहे. गणिताच्या अध्ययनास तेल्याच्या घाण्यानेंही हातभार लावावा, ही व्यवस्था मोत्याच्या कथेहून कमी मनोवेधक नाहीं. शिवाय ती दगडावर कोरलेली आहे.

ही परंपरा पुढेंही टिकली. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४६७ मध्यें लीलावतीवर टीका लिहिली व तिला बुद्धिविलासिनी असें नांव दिलें. बुद्धीचा विलास व नियमाचा अभ्यास यांत त्यांना विरोध दिसला नसावा.

तात्पर्य, लीलावतींतील कूटें दुःखी कन्येचें मन रमविण्याकरितां रचिलीं, यास समकालीन पुरावा नाहीं. तीं पद्धतशीर अध्यापनाचीं साधनें होत, असें मात्र ग्रंथरचना व शिलालेख यांवरून म्हणतां येतें. कूट सांगतांना सूत्र गाळलें, तर उरते ती केवळ गोष्ट.