सुटण्यासाठी चिकटलेला रंग

स्पोर्ट्स कारवर मॅट राखाडी किंवा उन्हात रंग पालटणारा जांभळा व्हिनाइल रॅप दिसला की त्याचे मूळ लोक दोन ठिकाणी शोधतात: जाहिरातींनी नखशिखांत मढवलेल्या बसमध्ये, नाहीतर प्रायोजकांच्या नावांनी भरलेल्या शर्यतीच्या गाडीत. दोन्हीकडे नाते आहे, पण ते सोयरिकीचे, रक्ताचे नाही. रॅपला आपण रंगाच्या घराण्यातला समजतो, कारण डोळ्यांना रंगच दिसतो. त्याचा इतिहास नीट लावून पाहिला तर मात्र वंशावळ गोंदाकडे जाते, आणि तीही अशा गोंदाकडे, जो घट्ट धरतो आणि वेळ आली की खालचे काहीही न ओरबाडता सोडतो. गाडीचा रंग एकदा बदलला की परत आणता येत नाही, या अडचणीतून रॅप जन्मला. हे ध्यानात आले की घरच्या गॅरेजमध्ये हीट गन आणि स्क्वीजी घेऊन हे काम करणाऱ्याला पायरीपायरीवर नेमके काय सांभाळायचे असते, तेही कळते.

सुरुवात मोटारींच्या रंगकामाच्या दुकानातच करावी लागते. १९२० च्या दशकाच्या आरंभापर्यंत मोटार रंगवणे हे आठवड्यांचे काम होते. थरावर थर देऊन प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहावी लागे. ड्यूपॉन्टच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने हे चित्र पालटले. जनरल मोटर्सची ‘ओकलंड’ ही गाडी १९२४ च्या मॉडेलसाठी निळ्या ड्यूकोत रंगवली गेली. रंग झटपट वाळू लागल्यावर निरनिराळ्या रंगांची हौस परवडू लागली आणि दोनरंगी गाड्यांची फॅशन आली. दोन रंगांमधली रेघ स्वच्छ यायची तर एक भाग झाकून दुसऱ्यावर फवारा मारावा लागतो. कारागीर कागद चिकटवून भाग झाकत, आणि कागद काढताना खालचा ताजा रंगही त्याच्यासोबत निघून येई. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्रू हा तरुण कर्मचारी पॉलिश पेपरचे नमुने घेऊन अशाच एका दुकानात गेला असताना त्याने रंगाऱ्यांचा हा संताप ऐकला. सुतारकामाचा सरस, ग्लिसरिन आणि सुरकुत्यांचा क्रेप कागद यांच्यापासून त्याने १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. चिकटणाऱ्या वस्तू जगात तोवर पुष्कळ होत्या. ड्रूने सोडवलेला प्रश्न उलट्या बाजूचा होता: चिकटलेले सुटावे कसे? मोटारीच्या रंगावर पुढे जे जे तात्पुरते म्हणून चिकटवले गेले, त्याची पणजी ही टेप आहे, आणि तिचा पहिला गुण खालच्या रंगाला धक्का न लावणे हाच होता.

दुसरा पूर्वज म्हणजे स्वतः व्हिनाइल, आणि त्याच्या जन्मातही गोंद आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. व्हिनाइल ज्यापासून बनते तो पीव्हीसी हा पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याने १८७२ मध्येच नोंदवला होता, पण तो कडक आणि ठिसूळ; कुणाला त्याचा उपयोग सापडला नव्हता. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अॅक्रन शहरातल्या बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत वाल्डो सेमॉन रबर धातूला चिकटवणारे काहीतरी शोधत होता. त्यासाठी त्याने पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवून पाहिले. हवा होता तो गोंद मिळाला नाही. मिळाला तो मऊ, वाकणारा, पाणी न धरणारा पदार्थ. लवचीक व्हिनाइलचा उद्योग या फसलेल्या गोंदातून उभा राहिला. पीव्हीसी मऊ राहते ते त्यात मुरलेल्या प्लास्टिसायझर नावाच्या द्रव्यामुळे. हे द्रव्य रॅपच्या म्हातारपणाचेही कारण ठरते, म्हणून त्याचे नाव लक्षात ठेवावे.

फिल्म बनवण्याच्या दोन रीती आहेत आणि गाडीसाठी त्यांतला फरक निर्णायक आहे. एका रीतीत तापलेल्या पीव्हीसीचा गोळा लोखंडी रुळांच्या जोड्यांतून दाबत पातळ करत नेतात; ही कॅलेंडर केलेली फिल्म. आपल्याकडे रिक्षाच्या काचेवरची अक्षरे कापणाऱ्या रेडियमच्या दुकानांत सहसा याच जातीचे रोल असतात. दाबून पसरवल्यामुळे तिच्यात ताण अडकलेला राहतो. ऊन लागले की ती आपल्या जुन्या आकाराकडे आखडते. दुसऱ्या रीतीत पातळ द्रव रूपातले पीव्हीसी कागदावर ओततात आणि भट्टीतून नेऊन त्यातला द्रावक उडवून लावतात. ही कास्ट फिल्म. तिला कुणी ताणलेले नसते, त्यामुळे ती साधारण ५० मायक्रॉन इतकी पातळ असूनही बंपरच्या वळणावर बसते आणि बसलेली राहते. सपाट पाटीसाठी पहिली पुरते. गाडीच्या अंगासाठी दुसरीच लागते.

सुटणारा गोंद आणि व्हिनाइल ही दोन घराणी एकत्र आली ती जर्मन टॅक्सीवर. पश्चिम जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. रंगांच्या जर्मन सूचीत त्याचा क्रमांक १०१५. तिथली टॅक्सी बहुधा मर्सिडीझची, आणि काही वर्षे धावल्यावर ती खाजगी गिऱ्हाइकाला विकायची हा तिथला रिवाज. पण हस्तिदंती मर्सिडीझ ही टॅक्सी होती हे लांबूनही कळते. तिला भाव कमी येई, नाहीतर विकण्याआधी पुन्हा रंगवण्याचा खर्च माथी बसे. १९९३ मध्ये ब्रिटनच्या के प्रीमियम मार्किंग फिल्म्स या कंपनीकडे या टॅक्स्यांसाठी रंगाऐवजी लावता येईल अशी फिल्म मागितली गेली. गाडी काळी किंवा चंदेरी विकत घ्यायची, वर हस्तिदंती फिल्म चढवायची, टॅक्सीपण संपले की ती सोलून काढायची. संपूर्ण गाडीचा रंग व्हिनाइलने बदलण्याचा धंदा इथे खऱ्या अर्थाने उभा राहिला. हे मुंबईत का घडले नाही, हा प्रश्न मला उत्तराइतकाच मोलाचा वाटतो. काळ्या-पिवळ्या रंगाची सक्ती मुंबईतही होती. पण मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणूनच जगली आणि टॅक्सी म्हणूनच भंगारात गेली; २० वर्षांची मर्यादा गाठून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिला खाजगी गाडी म्हणून दुसरा जन्म घ्यायचाच नव्हता, तेव्हा तिच्या काळ्या-पिवळ्याला सुटण्याची गरज नव्हती. सक्तीचा रंग दोन्हीकडे होता. जुना रंग परत मिळवण्याची निकड एकाच ठिकाणी होती, आणि रॅप तिथेच रुजला.

यावर पहिला आक्षेप जाहिरातीच्या बाजूने येईल. त्याच १९९३ मध्ये पेप्सीने ‘क्रिस्टल पेप्सी’ बाजारात आणताना संगणकीय छपाईची फिल्म चढवलेली बस रस्त्यावर आणली, आणि अख्खे वाहन मढवण्याचे कौशल्य अशाच कामांवर कारागिरांच्या हातात बसले. हे खरे आहे. खाचेत फिल्म कशी बसवावी, खिळ्यांच्या डोक्यांवरून ती कशी न्यावी, हे बस आणि ट्रकनेच शिकवले. पण जाहिरातीची फिल्म छापावी लागते, छपाईवर पारदर्शक थर लावावा लागतो, त्यासाठी मोठे यंत्र लागते. हा कारखान्याचा व्यवहार आहे. त्यातून घरी करण्याजोगे काही निघत नाही. टॅक्सीच्या फिल्मचा रंग मात्र तिच्या पोटातच होता. आज स्पोर्ट्स कारचा मालक १.५२ मीटर पन्ह्याचा रोल आणून बहुतेक गाड्यांचे बॉनेट एका तुकड्यात झाकतो, तो या टॅक्सीच्या वाटेने आलेला आहे.

शर्यतीच्या बाजूचा पुरावा तर उलट माझ्याच बाजूने बोलतो. बीएमडब्ल्यूच्या ‘आर्ट कार’, म्हणजे कलावंतांनी सजवलेल्या शर्यतीच्या गाड्या, पाहा. अलेक्झांडर काल्डरच्या कल्पनेची १९७५ ची गाडी रंगाने सजली. अँडी वॉरहॉलने १९७९ मध्ये एम१ वर स्वतःच्या हाताने रंग चोपडला, अर्ध्या तासाच्या आत. जेफ कून्सच्या २०१० च्या एम३ वरची रंगरेषांची उधळण मात्र व्हिनाइलवर छापून गाडीवर चढवली गेली. म्हणजे शर्यत आणि कलेनेही व्हिनाइल स्वीकारले. पण त्या व्हिनाइलवर पुन्हा पारदर्शक लॅकर फवारला गेला, म्हणजे फिल्म रंगाच्या थरांत कायमची गाडली गेली. तिथे व्हिनाइल हे रंगाचे एक साधन होते. सुटण्याचा गुण काढून घेतला तर उरते ती छपाई. रॅप उरत नाही.

आता घरच्या कामाकडे. सुरुवातीच्या साध्या गोंदाची फिल्म घरी लावणे जवळजवळ अशक्य होते, कारण तिचा गोंद उतावीळ होता. पत्र्याला टेकली की धरली. मग खाली अडकलेली हवा टाचणीने टोचून काढा, नाहीतर साबणाच्या पाण्यावर फिल्म तरंगवत लावा. ही अडचण गोंदाच्या पृष्ठभागावर सुटली. काचेच्या अतिसूक्ष्म मण्यांसारखे उंचवटे गोंदावर ठेवले, म्हणजे दाब पडेपर्यंत गोंद पत्र्याला पुरता टेकतच नाही. फिल्म उचलता, सरकवता, पुन्हा ठेवता येते. आणि पाठीच्या कागदावर बारीक जाळी उमटवली, म्हणजे तिचा ठसा गोंदात वाहिन्यांच्या रूपाने राहतो आणि स्क्वीजी फिरवली की बुडबुड्यातली हवा त्या वाटेने कडेला निघून जाते. पुढे गोंद सावकाश पसरतो आणि वाहिन्या बुजतात. हे दोन शोध नसते तर घरच्या घरी रॅप करणे ही गोष्टच नसती. नवख्या हाताला चूक सुधारायला वेळ हवा असतो, आणि तो या गोंदाने दिला. व्हिडिओंनी हौस वाढवली असेल; काम शक्य केले ते या सूक्ष्म रचनेने.

कामाची रीतही याच वंशाला धरून चालते. गाडी धुऊन, क्ले बारने घासून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, ती मेणाचा आणि तेलाचा मागमूस घालवण्यासाठी; तो राहिला तर धरणे आणि सुटणे दोन्ही बिघडते. फिल्म कापताना ब्लेड रंगावर टेकवणे हा सर्वांत मोठा अपराध, कारण फिल्म निघेल, ओरखडा राहील. म्हणून ‘नाइफलेस टेप’ नावाची पट्टी आधी चिकटवतात. तिच्यात एक बारीक तंतू असतो, वर फिल्म बसवून तंतू ओढला की फिल्म खालून वर कापली जाते आणि रंगाला पाते लागतच नाही. स्पोर्ट्स कारची खरी परीक्षा पुढच्या बंपरच्या खोल हवामार्गांत आणि आरशांत होते. तिथे फिल्म ताणून एकाच तुकड्यात बसवण्याचा मोह होतो. जास्त ताणलेली फिल्म पातळ होते, मेटॅलिक रंगाची छटा तिथे बदलते, आणि काही आठवड्यांत ती खाचेतून उठते. जाणकार तिथे आधी एक वेगळा तुकडा लावतात आणि जोड सावलीत लपवतात. शेवटी ताणलेल्या प्रत्येक जागी शंभर अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता देतात, म्हणजे फिल्म जुना आकार विसरते. खोल खाचेत चिकटपणा वाढवणारा प्रायमरही मिळतो, पण अनुभवी कारागीर तो जपून वापरतात किंवा टाळतात. त्याने फिल्म धरते खरी. काढताना मात्र गोंदाचा राप मागे राहतो.

दुसरा आक्षेप कायद्याचा. रॅप हा तात्पुरता असेल, पण कायदा त्याला रंगच मानतो. ब्रिटनमध्ये रॅपने रंग बदलला तरी नोंदणीपत्रात बदल कळवावा लागतो. आपल्याकडे आरसीवर रंग लिहिलेला असतो, आणि अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओकडून ती नोंद बदलून घेतली पाहिजे. घरी काम करणाऱ्याने हे रोल विकत घेण्याआधीच करावे. लष्करी हिरवा रंग तर संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे, आणि फिल्म असली म्हणून त्यातून सुटका समजू नये. पण यामुळे वंशावळ बदलत नाही. रस्त्यावरच्या पोलिसाला गाडी ओळखायची असते, आणि ओळख पृष्ठभागावरून होते; खाली काय जपून ठेवले आहे याच्याशी त्याचे काम नाही. मालकाचे आहे. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात गिऱ्हाईक जाडी मोजणारे यंत्र घेऊन येते आणि कारखान्याचा मूळ रंग, साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा, सगळीकडे शाबूत आहे का हे पाहते. त्या रंगासाठी ते पैसे मोजते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: सुटणे हाच रॅपचा धर्म असेल, तर जुना रॅप नखाएवढ्या तुकड्यांनी का निघतो, आणि कधी कधी रंग घेऊनच का येतो? तुकड्यांचे उत्तर सेमॉनच्या पदार्थात आहे. प्लास्टिसायझर वर्षानुवर्षे फिल्ममधून हळूहळू बाहेर पडतो, ऊन त्याला घाई करते, आणि फिल्म पुन्हा तीच कडक, ठिसूळ वस्तू होऊ लागते. म्हणून बॉनेट आणि छत या आडव्या भागांसाठी कंपन्या उभ्या भागांपेक्षा कमी काळाची हमी देतात. पुणे-नागपूरच्या उन्हात उघड्यावर राहणाऱ्या गाडीच्या मालकाने ती मुदत कमाल समजावी, आणि फिल्म तडकण्याआधी, अंगात लवचीकपणा असतानाच, उष्णता देत सावकाश काढावी. रंग निघून येण्याचे कारण वेगळे. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग पत्र्याला गोंदापेक्षा घट्ट धरतो. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंगमध्ये दिलेला रंग तसा धरेलच असे नाही, आणि ड्रूच्या काळातल्या ताज्या लॅकरसारखा तो फिल्मसोबत उठतो. फिल्म कंपन्यांच्या हमीपत्रात मूळ कारखान्याच्या रंगाची अट असते ती यासाठीच. तेव्हा वापरलेली गाडी रॅप करण्याआधी प्रत्येक पॅनेलची जाडी मोजावी, आणि जिथे ती शेजारच्या पॅनेलपेक्षा बरीच भरेल तिथे आधी फिल्मचा लहान तुकडा लावून, काढून पाहावा.