शेवटून दुसरा रकाना

डब्लिनला नोकरीसाठी येण्यापूर्वी आयर्लंडविषयीचं माझं ज्ञान एका क्रिकेट सामन्यापुरतं होतं. २०११च्या विश्वचषकात बंगळुरूला केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकलं आणि आयर्लंडने इंग्लंडला हरवलं. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती, तरी तो सामना मी शेवटपर्यंत पाहिला. बाकी डोक्यात होता हिरवा रंग, काळी बिअर आणि इंग्लंडशी असलेलं जुनं भांडण.

इथे आल्यावर पहिल्याच दिवशी बसच्या पाटीवर ‘अन लार’ असं नाव दिसलं. मी फोनवरच्या नकाशात अन लार शोधत बसलो, सापडेना. शेवटी थांब्यावरच्या एका मुलाने सांगितलं की ते गाव नाही. आयरिश भाषेत त्याचा अर्थ ‘मध्य’, म्हणजे शहराचा मध्यभाग. मी विचारलं, तुला येते का ही भाषा? तो हसून म्हणाला, ‘शाळेत चौदा वर्षं शिकलो. नाही येत.’

हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं, पण त्यामागची गोष्ट कळायला आणखी काही महिने जावे लागले.

मी राहतो ते एका वृद्ध बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातल्या. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे तोंडावर नाही, पण मनात मी त्यांना आजीच म्हणतो. एका रविवारी त्यांनी मला लॅपटॉप घेऊन खाली बोलावलं. त्यांना त्यांच्या आजोबांचा १९११च्या जनगणनेतला अर्ज पाहायचा होता. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांचे अर्ज स्कॅन करून सर्वांसाठी फुकट खुले केले आहेत. त्याआधीचे जवळजवळ सगळे कागद गेले. काही सरकारनेच नष्ट केले, काही १९२२ साली यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला त्यात खाक झाले.

परगणा आणि गाव टाकलं, दहा मिनिटांत अर्ज सापडला. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, व्यवसाय, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत, जन्म कुठला. शेवटून दुसरा रकाना होता ‘आयरिश भाषा’. सूचना अशी की फक्त आयरिश येत असेल तर ‘आयरिश’ लिहा, दोन्ही येत असतील तर ‘आयरिश आणि इंग्रजी’ लिहा, बाकीच्यांपुढे काहीच लिहू नका. त्याच्या पुढचा, शेवटचा रकाना मुके, बहिरे, आंधळे आणि वेडे यांच्या नोंदीसाठी.

आजोबांपुढे लिहिलं होतं: आयरिश आणि इंग्रजी. आजीपुढे: आयरिश आणि इंग्रजी. त्याखाली पाच मुलं, त्यांतला एक आमच्या आजींचा बाप. पाचही नावांपुढे रकाना कोरा.

माझं काम डेटाबेसचं. कोऱ्या रकान्याला आमच्याकडे ‘नल’ म्हणतात, आणि ‘नल’चा अर्थ परस्पर ‘नाही’ असा घ्यायचा नसतो हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. म्हणून मी म्हणालो, ‘मुलांचं लिहायचं राहिलं असेल.’ आजी म्हणाल्या, ‘राहिलं नाही. माझे वडील सांगायचे, घरात आयरिश ऐकू यायची ती मुलांना कळू नये अशी काही गोष्ट असली तरच.’

एकाच चुलीभोवती बसलेली दोन पिढ्यांची माणसं, आणि मधोमध भाषा तुटलेली. हे कसं झालं असेल, या प्रश्नामागे मी गेलं वर्षभर वाचतो आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, तरी जे हाती लागलं ते सांगतो.

आधी या भाषेविषयी थोडं. आयरिश ही इंग्रजीची बोली नव्हे. ती केल्टिक कुळातली, आणि ते कुळ आपल्या भाषांच्याच मोठ्या इंडो-युरोपीय गोतातलं. आयरिशमध्ये देवाला ‘दिया’ म्हणतात. त्याचं आणि आपल्या ‘देव’चं मूळ एकच. या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना स्वतंत्र शब्द नाहीत. ‘आलास का?’ असं विचारलं की उत्तर क्रियापदानेच द्यायचं: ‘आलो’. इंग्रजीतलं ‘हॅव’ही नाही, पुस्तक माणसाकडे ‘असतं’, जसं आपण ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ म्हणतो. माणूस भुकेला नसतो, भूक त्याच्यावर असते. आपल्याला भूक लागते, राग येतो, तसंच काहीसं. इंग्रज माणसाला हे सगळं विचित्र वाटत असेल; मराठी माणसाला आपल्या अंगणात आल्यासारखं वाटतं.

आता इतिहास. ११६९ मध्ये नॉर्मन सरदार आयर्लंडात उतरले आणि त्यांच्या मागोमाग इंग्लंडच्या राजाचा अंमल आला. पण पुढच्या दोनशे वर्षांत झालं उलटंच. जिंकायला आलेलेच आयरिश बोलू लागले, आयरिश घरांत सोयरिकी करू लागले. इतके, की १३६६ साली किल्केनीला कायदा करावा लागला: इंग्रजांनी इंग्रजीच बोलावं, आयरिश नावं आणि रीतिरिवाज घेऊ नयेत. गंमत म्हणजे इंग्रजी वाचवायला निघालेला हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये.

चित्र पालटलं सोळाव्या-सतराव्या शतकांत. इंग्लंड प्रोटेस्टंट झालं, आयर्लंड बहुतांशी कॅथलिक राहिलं आणि सत्तेच्या भांडणाला धर्माची धार आली. १६०७ मध्ये अल्स्टरचे बडे आयरिश सरदार देश सोडून गेले. त्यांच्या जमिनींवर इंग्लंड-स्कॉटलंडहून माणसं आणून वसवली गेली. आजच्या उत्तर आयर्लंडच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. १६४९ साली क्रॉमवेल सैन्य घेऊन आला आणि उरलेली बरीचशी जमीन कॅथलिकांच्या हातून गेली. कवींना आणि विद्वानांना पोसणारी घराणीच राहिली नाहीत. न्यायालय, व्यापार आणि सरकार यांची भाषा इंग्रजी झाली. आयरिश उरली ती गरिबाच्या झोपडीत. पण तिथे ती चांगली जिवंत होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही लाखो माणसांच्या घरात तीच बोलली जायची.

१८३१ साली सरकारने राष्ट्रीय शाळांची योजना आणली आणि माध्यम ठेवलं इंग्रजी. याच काळातला आयरिश कॅथलिकांचा सर्वांत मोठा नेता डॅनियल ओकॉनेल. त्याची स्वतःची घरची भाषा आयरिश, पण ती मागे पडली तर आपल्याला खंत नाही असं त्याचं मत होतं. इंग्रजीत उपयोग जास्त, हा त्याचा हिशोब.

मग १८४५ साली बटाट्यावर करपा आला. देशातले सुमारे एक तृतीयांश लोक निव्वळ बटाट्यावर जगत होते, कारण तुटपुंज्या तुकड्यावर कुटुंब जगवणारं दुसरं पीक नव्हतं. सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली, आणि आणखी दहा लाखांच्या आसपास जहाजात बसून निघून गेली. त्याच काळात धान्य आणि गुरं बंदरांतून इंग्लंडला जात राहिली. १८४७च्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांतून दिवसाला तीस लाख लोक जेवत होते, म्हणजे पोट भरणं सरकारला शक्य होतं. पण काही महिन्यांतच ती बंद झाली.

या मदतकार्याची सूत्रं लंडनच्या अर्थखात्यातल्या चार्ल्स ट्रेव्हेल्यनच्या हातात होती. हे नाव वाचून मी थबकलो. हा मेकॉलेचा मेहुणा. त्याआधी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षण आणण्याचा खंदा पुरस्कर्ता होता. आयरिश दुष्काळाकडे तो ईश्वरी योजना म्हणून पाहत होता. या कामगिरीबद्दल १८४८ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि पुढे तो मद्रासचा गव्हर्नरही झाला.

१८४१ साली या बेटावर सुमारे ८२ लाख लोक होते, १९११ साली ४४ लाख. आज दोन्ही आयर्लंड मिळून सुमारे ७० लाख. दुष्काळापूर्वीचा आकडा अजून गाठलेला नाही. दुष्काळाचा सर्वांत मोठा घाव पश्चिम आणि दक्षिण भागांवर पडला, आणि आयरिश बोलणारे बहुतेक तिथलेच. जे वाचले त्यांना एक गोष्ट पक्की कळली. पोराला जगवायचं तर अमेरिकेला धाडायचं, आणि अमेरिकेत लागते इंग्रजी.

ऑस्कर वाइल्डचे वडील, डॉक्टर विल्यम वाइल्ड, यांनी १८५२ सालच्या पुस्तकात पश्चिम आयर्लंडमधला एक प्रसंग नोंदवला आहे. एका लहान मुलाच्या गळ्यात दोऱ्याने काठी बांधलेली होती. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच पाडायची, आणि नंतर खाचा मोजून मास्तर शिक्षा करणार. वाइल्डच्या डोळ्यांदेखत खाच पाडली ती त्या मुलाच्या बापाने, आणि त्या बापाला स्वतःला आयरिशशिवाय फारसं काही बोलता येत नव्हतं. तुझं या भाषेवर प्रेम नाही का, असं विचारल्यावर तो डोळ्यांत चमक येऊन आपल्या वाडवडिलांच्या भाषेबद्दल भरभरून बोलला. पण मुलांना शिक्षण हवं, आणि शाळेत आयरिश शिकवत नाहीत, मग दुसरा इलाज काय?

हे वाचून मी पुस्तक मिटलं. माझ्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. आई महिन्याच्या सुरुवातीला फीबरोबर दंडाचे वेगळे पैसे काढून ठेवायची आणि बजावायची, ‘यातले उरले पाहिजेत.’ तिच्यावर रागवावं असं मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही.

आयरिश लोकांना चूक कळली तेव्हा बराच उशीर झाला होता. १८९३ मध्ये डग्लस हाइड आणि मंडळींनी गेलिक लीग काढली. हाइड स्वतः प्रोटेस्टंट पाद्र्याचा मुलगा, आयरिश शिकला तो आसपासच्या गावकऱ्यांकडून. गावोगाव वर्ग सुरू झाले. १९११च्या जनगणनेत काहींनी आपले अर्ज मुद्दाम आयरिशमध्ये भरले. स्वातंत्र्याची चळवळ याच मंडळींतून उभी राहिली. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनला ईस्टरचा उठाव झाला. त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. ‘होमरूल’ हा शब्दच आयर्लंडच्या राजकारणातून आपल्याकडे आलेला. उठावाचं नेतृत्व करणारा पॅट्रिक पीअर्स आयरिशचा शिक्षक होता. पण त्याने वाचून दाखवलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं फक्त शीर्षक आयरिशमध्ये आहे. बाकी मजकूर इंग्रजीत, कारण लोकांना कळायला हवा होता.

१९२२ मध्ये बेटाच्या सव्वीस परगण्यांचं स्वतंत्र राज्य झालं, उरलेले सहा ब्रिटनकडे राहिले. नव्या सरकारने राणीच्या आणि राजांच्या अक्षरमुद्रा असलेल्या लाल टपालपेट्या हिरव्या रंगवल्या. रंगाखाली त्या मुद्रा आजही बोटाला लागतात. आयरिश शाळेत सक्तीची झाली. १९७३ पर्यंत शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये नापास म्हणजे सगळ्यातच नापास. १९३७च्या संविधानाने तिला पहिली राजभाषा केलं, १९३८ मध्ये हाइड पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आज ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. आणि २०२२च्या जनगणनेत काय दिसलं? आयरिश येते म्हणणारे १८ लाख ७३ हजार, शाळेबाहेर रोज बोलणारे ७२ हजारांहूनही कमी.

म्हणजे भाषा शाळेने दिली, पण स्वयंपाकघरात नेऊन ठेवणं शाळेला जमलं नाही. जिथून ती काढली गेली तिथेच ती परत रुजायला हवी होती.

दुसरी बाजूही मांडायला हवी. त्या काठीवाल्या बापाचा हिशोब चुकलेला नव्हता. अमेरिकेत त्याची नातवंडं पोलीस झाली, महापौर झाली. आज जगातल्या बड्या सॉफ्टवेअर कंपन्या युरोपातलं बस्तान डब्लिनला मांडतात त्याला कमी कर हे एक कारण, आणि इथे सगळे इंग्रजी बोलतात हे दुसरं. मला मिळणारा पगारही त्या काठीवरच्या खाचांतूनच आलेला आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आणि भाषा पुरती गेली असंही नाही. अलीकडे आयरिश माध्यमाच्या शाळांना मागणी आहे, आयरिशमधला एक चित्रपट २०२३ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, बेलफास्टची पोरं आयरिशमध्ये रॅप करतात. शिवाय गेलेली भाषा इथल्या इंग्रजीत दडून बसली आहे. आजी नुकताच चहा प्यायल्या असतील तर म्हणतात, ‘आय अ‍ॅम आफ्टर हॅविंग माय टी.’ आयरिश वाक्यरचना, शब्द फक्त इंग्रजी. त्याचा अर्थ ‘चहा हवाय’ असा घेऊन मी पहिल्या महिन्यात त्यांना दोनदा चहा करून दिला. त्यांनी मुकाट्याने प्यायला.

पुण्याला माझा पाच वर्षांचा भाचा आहे. ताईने सांगून ठेवलंय, ‘तू तरी त्याच्याशी इंग्रजीत बोल, सवय होईल.’ मी बोलायचोही. गेल्या रविवारी त्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, ‘मामा, हॅव यू हॅड डिनर?’

मी म्हणालो, ‘जेवलो.’

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘काय जेवलास?’